एअर हॉकीच्या पटावर चकती अडखळते? ब्लोअर बदलण्याआधी हे तपासा

एअर हॉकीत पटाखालच्या बंद पेटीत ब्लोअर, म्हणजे मोटारीवर चालणारा पंखा, हवा भरतो आणि ती पटाच्या बारीक भोकांतून वर येऊन चकतीला तरंगवते. दोन खेळाडूंसाठी घरी बनवलेल्या, टेबलावर ठेवून खेळायच्या एअर हॉकीबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "सुरुवातीला छान पळायची, आता चकती मध्येच थांबते." असे पट मी स्वतः बनवतो आणि दुसऱ्यांनी बनवलेले दुरुस्तही करतो. माझ्यापर्यंत पट येतो तोवर बहुतेकांनी आधीपेक्षा मोठा ब्लोअर बसवलेला असतो. आवाज दुप्पट झालेला असतो, चकती मात्र तशीच अडखळते, कारण दोष ब्लोअरमध्ये नसतोच. हवा पेटीच्या सांध्यातून निघून चाललेली असते, पट कलता किंवा बाक आलेला असतो, नाहीतर भोकं बुजलेली असतात. म्हणून खालचा क्रम मी कधी मोडत नाही: ज्याला खर्च नाही ते आधी, आणि ब्लोअर जवळजवळ शेवटी.

पुढचे आकडे एका ठरावीक मापाच्या पटाचे आहेत: खेळायची जागा १०० × ५० सेंमी, १ मिमी व्यासाची भोकं २५ मिमी अंतरावर, म्हणजे साधारण ७४० भोकं. चकती, म्हणजे पक, ६३ मिमी व्यासाची आणि १५ ग्रॅमची. तुमची मापं वेगळी असली तर हिशोब तोच ठेवा, आकडे आपले घाला.

लक्षणं

तुमच्या पटावर यातलं नेमकं काय होतं ते आधी ठरवा. "नीट चालत नाही" एवढ्यावरून काहीच शोधता येत नाही.

- चकती सगळीकडेच जड वाटते, घासल्याचा आवाज येतो.
- ठरावीक एक-दोन जागीच चकती अडते, बाकी पटावर पळते.
- सोडून दिलेली चकती आपोआप एका गोलकडे किंवा एका कडेला सरकते.
- चकती कुठूनही निघाली तरी शेवटी पटाच्या मध्याशी येऊन बसते, किंवा उलट, मध्यावर ठरतच नाही.
- कडेच्या पट्टीला लागली की तिथेच चिकटते.
- पहिली दहा मिनिटं ठीक, मग हळूहळू जड होत जाते.
- ब्लोअरचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक आणि चढा झाला आहे.

शेवटचं लक्षण लोक सांगत नाहीत, मला विचारावं लागतं. ते फार कामाचं आहे, पुढे येईलच.

चकती तरंगायला किती दाब लागतो

ब्रन्सविक कंपनीने १९७२ मध्ये अमेरिकेत हा खेळ बाजारात आणला. तेव्हापासून तत्त्व तेच आहे: पटाखालच्या बंद पेटीत ब्लोअर हवा भरतो, ती बारीक भोकांतून वर येते आणि चकतीखाली हवेचा पातळ थर धरते. हा थर किती पातळ, ते लक्षात आलं की निम्मे दोष आपोआप सुचतात. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे चकतीखाली एक केस आला तरी तो हवेच्या थराएवढा ठरतो.

दाबाचा हिशोब सोपा आहे. चकतीच्या वजनाला, म्हणजे ग्रॅमला, तिच्या तळाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे चौरस सेंटीमीटरने भागा. जे उत्तर येईल तेवढे सेंटीमीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब चकतीखाली लागतो. ६३ मिमी चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौसेंमी. १५ भागिले ३१ म्हणजे ०.४८ सेंमी, जेमतेम ५ मिमी पाणी. इतकंच. भोकातून वर येताना आणि चकतीच्या कडेने बाहेर पडताना दाब कमी होतो, म्हणून पेटीत याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे १० ते १५ मिमी असला की खेळ मोकळा होतो. हा दाब खूप नाही. तो मिळत नसेल तर ब्लोअर लहान आहे असं मानण्याआधी तो जातो कुठे ते शोधायला हवं.

१. चकती आणि पटाचा वरचा भाग

इथे पाच मिनिटं लागतात. खर्च शून्य.

चकती काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा आणि कडेवर बोटाने टिचकी मारल्यासारखं दाबत गोल फिरा. डुगडुगली तर ती वाकलेली आहे. मग तळावरून बोट फिरवा. स्ट्रायकरचे, म्हणजे चकती मारायच्या हातातल्या दट्ट्याचे, मार बसून कडेला बारीक खरखरीत धार उभी राहते. ही धार डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लागते, आणि हवेच्या त्या पातळ थरातून खाली डोकावून पटावर घासते. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, त्यावर चकती हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा आणि पुसून घ्या. तळ सपाट राहिला पाहिजे, म्हणून पेपर हातात धरून घासू नका. चकती उलटी करून खेळल्यावर फरक पडला, तर दोष पटात नाही, चकतीतच आहे.

चकतीचं वजनही करा. हरवलेल्या चकतीच्या जागी दुसरी आणली जाते, कधी तिच्यात दिवे असतात, कधी वरून स्टिकर चिकटवलेले असतात. आठ फुटी स्पर्धेच्या टेबलाची सव्वातीन इंची चकती लहान पटावर टाकलेलीही मी पाहिली आहे. वरचा भागाकार पुन्हा करा. ०.७ किंवा ०.८ सेंमी आलं तर पट तोच आणि ओझं दीडपट, असा प्रकार आहे.

पट पुसताना किंचित ओलसर, सुताचे तंतू न सोडणारं कापड घ्या. कोरड्या कापडाने अ‍ॅक्रिलिक किंवा लॅमिनेट घासलं की त्यावर स्थिर वीज साठते, धूळ ओढली जाते आणि प्लॅस्टिकची हलकी चकतीही चिकटल्यासारखी वागते. अ‍ॅक्रिलिकवर अमोनिया असलेला काचेचा क्लीनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका. पृष्ठभागावर बारीक तडे जातात आणि ते परत भरून येत नाहीत. आणि कुठलीही पावडर पटावर टाकू नका. तिने चकती क्षणभर पळते, मग पावडर भोकांत बसते आणि आठवड्याचं काम वाढवून ठेवते.

स्ट्रायकरच्या तळाचं फेल्टही बघा. ते झिजलं की त्याचे तंतू भोकांत जातात आणि उघडं पडलेलं प्लॅस्टिक पटावर ओरखडे काढतं.

२. पट समतल आहे का

इथे साधी पाणसळ पुरत नाही. हिशोब करून बघा: १ मीटर लांबीत फक्त १ मिमी उतार असला आणि घर्षण अजिबात नाही असं धरलं, तर सोडून दिलेली चकती सुमारे १४ सेकंदांत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. साध्या पाणसळीवर एवढा फरक बुडबुड्याच्या किंचित हलण्याइतका, चटकन नजरेत न येणारा असतो. चकती मात्र तो लगेच दाखवते. चकतीइतकी चांगली पाणसळ तुमच्या घरात दुसरी नाही.

म्हणून असं करा. हवा चालू ठेवा. पंखा आणि खिडकी बंद. चकती मध्यावर ठेवून अलगद हात काढा आणि कुठे सरकते ते कागदावर बाणाने मांडा. मग चार कोपऱ्यांजवळ, कडेपासून चार बोटं आत, तसंच. पाच बाण झाले.

सगळे बाण एकाच दिशेला असतील तर पट कलता आहे. कागद न पुसता पट जागच्या जागी १८० अंशांत फिरवा आणि पुन्हा बाण काढा. बाण पटाबरोबर फिरले तर दोष पटाच्या पायांत आहे. बाण खोलीच्या त्याच भिंतीकडे राहिले तर खालचं टेबल कलतं आहे, पटाला हात लावू नका. या एका चाचणीने मी लोकांचं विनाकारण उघडलेलं काम कितीदा तरी वाचवलं आहे.

सगळे बाण मध्याकडे असतील तर पटाला झोळ आहे. बाहेरच्या दिशेने असतील तर पट फुगला आहे. एका कर्णाचे दोन बाण आत आणि दुसऱ्या कर्णाचे दोन बाहेर, असं दिसलं तर पटाला पीळ पडला आहे. झोळ आणि फुगवटा यांची गोष्ट क्रमांक ६ मध्ये; पिळाचं आत्ताच बघू, कारण तो बहुतेक वेळा पायांमुळेच येतो. चार पाय चार वेगवेगळ्या उंचीला घट्ट केले की पेटी मुरगळते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. वरखाली अंतर दिसलं किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबत असला तर पीळ आहे. चौथा पाय पूर्ण सैल करून पट तीन पायांवर समतल करा आणि मग चौथा नुसता टेकेल एवढाच फिरवा. खाली मऊ टेबलक्लॉथ असेल तर काढा; खेळताना त्यात एक-एक पाय रुततो आणि सकाळी लावलेली लेव्हल दुपारी राहत नाही.

३. हवा आत येते का

ब्लोअरचं तोंड कुठून हवा ओढतं ते बघा. पट टेबलावर ठेवल्यावर खालचं तोंड टेबलाला टेकतं किंवा जवळजवळ टेकतं, ही चूक आराखड्यातच होते. खाली निदान ३-४ सेंमी मोकळी जागा हवी. जाळीवर धुळीचा थर जमला असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा.

आता त्या चढ्या आवाजाविषयी. मोटार चालू असताना हवेचा मार्ग आवळला की पात्यांवरचा भार कमी होतो, फेरे वाढतात आणि आवाज बारीक, चढा होतो. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटार वापरली असेल तर हे फार स्पष्ट ऐकू येतं. अशी मोटार स्वतःतून जाणाऱ्या हवेनेच थंड राहते. हवा कमी झाली की ती तापते. म्हणून "दहा मिनिटांनी जड होते" आणि "आवाज चढला" ही दोन लक्षणं एकत्र असतील तर खेळ तिथेच थांबवा आणि आधी मार्ग मोकळा करा.

४. भोकं

एक सेंटीमीटर रुंदीची टिश्यू पेपरची पट्टी घ्या आणि हवा चालू ठेवून ओळीओळीने पटाच्या अगदी जवळून फिरवा. जिथे पट्टी उचलली जात नाही तिथे मार्करने खूण करा. ६३ मिमी चकतीखाली एका वेळी जेमतेम पाचच भोकं असतात, त्यामुळे शेजारची दोन बुजली तरी तिथे चकती एका बाजूने खाली बसते. "ठरावीक जागीच अडते" या तक्रारीचं उत्तर बहुतेक इथेच सापडतं.

भोकं साफ करायला भोकाच्याच मापाचं ड्रिल बिट हाताने, बोटांनी फिरवा. मशीन नको. त्या वेळी हवा चालू ठेवा म्हणजे निघालेला भुगा वर येतो, पेटीत पडत नाही. सुई किंवा टाचणी वापरू नका: ती निमुळती असल्यामुळे भोकाचं तोंड रुंदावते आणि कडेला धार उभी करते. नवीन पाडलेल्या भोकांनाही ही धार असते. मोठं, ५-६ मिमीचं बिट हातात धरून प्रत्येक भोकावर अर्धा फेरा फिरवला की ती निघते. सातशे चाळीस भोकांना हे करायला एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ वाया जात नाही.

भोकं मोठी करण्याचा मोह मात्र आवरा. १ मिमीच्या जागी १.५ मिमी केलं की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं: सगळ्या भोकांचं मिळून जवळजवळ ६ चौसेंमी होतं, ते १३ होतं. हवा जास्त वाहते, पण पेटीतला दाब खाली येतो, आणि चकतीला उचलतो तो दाब. मोठं केलेलं भोक परत लहान करता येत नाही.

चकती फक्त कडेला चिकटत असेल तर कडेच्या पट्टीपासून भोकांची पहिली ओळ किती दूर आहे ते मोजा. ४ सेंमी असेल तर पट्टीला लागलेल्या चकतीचा अर्ध्याहून अधिक भाग भोकांशिवाय असतो. तिथे १२-१५ मिमीवर एक ओळ वाढवणं हा खरा उपाय आहे. त्याआधी पट्टीचे स्क्रू वरून पाहा. स्क्रूने पट वर ओढला जाऊन तिथे उंचवटा आलेला असतो, तो ढिला केल्यानेही कधीकधी काम भागतं.

५. पेटीची गळती

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पट इथे सापडतात, आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

आकडा समोर ठेवा. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे ६ चौसेंमी. पेटीचा घेर ३ मीटर. पट आणि पेटीच्या सांध्यात सगळीकडे फक्त ०.६ मिमी फट राहिली तरी तिचं क्षेत्रफळ होतं १८ चौसेंमी. भोकांच्या तिप्पट! चार वाटे हवेतले तीन वाटे खेळाच्या कामी येतच नाहीत. मोठा ब्लोअर लावून तुम्ही त्या फटीला जास्त हवा पुरवता.

हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजता येतं. दीड-दोन मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक नळी घ्या, फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी उभी बांधा आणि रंगाचा थेंब टाकलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. नळीचं एक टोक पेटीच्या बाजूला पाडलेल्या भोकात बसवा, पण ब्लोअरच्या झोताच्या समोर नको. दुसरं टोक उघडं. हवा चालू केल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढा फरक, तेवढा पेटीतला दाब. यू पेटीच्या खालच्या पातळीवर ठेवा आणि मोटार किंवा वायर यांच्यापासून दूर, म्हणजे पाणी आत जायचा प्रश्नच येत नाही.

तीन नोंदी घ्या.

पहिली: नेहमीसारखा, सगळी भोकं उघडी.
दुसरी: पटावर प्लॅस्टिकचा सपाट कागद पसरून सगळी भोकं झाकलेली.
तिसरी: ब्लोअर पेटीतून सोडवून, त्याचं हवा सोडणारं तोंड पुठ्ठ्याने बंद करून आणि नळी त्या पुठ्ठ्यात खोचून. हा त्या ब्लोअरचा जास्तीत जास्त दाब. इथे काही सेकंदच थांबा, वाचन झालं की लगेच बंद करा.

दुरुस्तीला आलेल्या एका पटावर मला ६, ८ आणि २२ मिमी मिळाले होते. भोकं झाकली तरी दाब ६ वरून ८ वरच गेला, ब्लोअर मात्र २२ देऊ शकत होता. म्हणजे भोकं बंद केल्यावरही हवेला दुसरा मोकळा रस्ता होताच. सांधे बुजवल्यावर तोच ब्लोअर १५, २१, २२ दाखवू लागला. दुसरी नोंद तिसरीच्या जवळ आली की पेटी हवाबंद झाली. दुसरी तिसरीच्या जवळ आहे आणि तरीही पहिली कमी आहे, असं असेल तर पेटीचा दोष नाही. भोकं जास्त किंवा मोठी आहेत, नाहीतर ब्लोअर खरोखरच लहान आहे. तिसरीच ६-७ मिमी असेल तर क्रमांक ७ वाचा.

गळतीची जागा शोधायला तीच टिश्यूची पट्टी सांध्यांवरून फिरवा. भोकं झाकलेली ठेवा म्हणजे गळती जास्त जाणवते. साबणाचं पाणी लावू नका, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुगतो आणि नवीनच दोष तयार होतो. नेहमीच्या जागा: पेटीचे चार कोपरे, ब्लोअर आणि पेटी यांच्यामधली जोडणी, वायर आत जाण्याचं भोक, आणि गोलची खाच. गोलची खाच विसरली जाते. चकती ज्या कप्प्यात पडते तो कप्पा पेटीत उघडत असेल तर ते हवेला दार झालं.

पट पुन्हा कधी उघडायचाच नसेल तर सिलिकॉन भरा. उघडावा लागणार असेल, आणि लागतोच, तर पेटीच्या कडेवर बंद छिद्रांच्या फोमची चिकटपट्टी लावून वरून पट स्क्रूने कसा. स्क्रू दर १० सेंमीवर. दूर ठेवले तर मधली जागा उचलते आणि फट परत येते. "सुरुवातीला छान पळायची" म्हणणाऱ्यांच्या पटात हेच होतं: गरम गोंदाने चिकटवलेला सांधा स्ट्रायकरच्या हादऱ्यांनी महिन्याभरात सुटतो, आणि वरून काहीच दिसत नाही.

६. झोळ आणि फुगवटा

हवा बंद असताना धातूची सरळ पट्टी पटावर उभी धरा आणि पलीकडे टॉर्च ठेवा. उजेड दिसेल तिथे खोलगट. मग हेच हवा चालू ठेवून करा. दुसरी वेळ बहुतेक जण सोडून देतात. पेटीत १.५ सेंमी पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दीड ग्रॅम. पटाचं क्षेत्रफळ ५००० चौसेंमी, म्हणजे हवा पटाला खालून एकूण साडेसात किलोने वर ढकलते आहे. ३ मिमी अ‍ॅक्रिलिक कडेलाच धरलेलं असेल तर ते हवा बंद असताना सपाट आणि चालू असताना फुगलेलं असतं. पाणसळ ठीक सांगते आणि चकती मध्यावर थांबत नाही, या कोड्याचं उत्तर हे.

उपाय पेटीच्या आत आहे. लांबीच्या दिशेने दोन उभ्या फळ्या द्या, त्यांच्यात मोठी भोकं पाडा म्हणजे हवा अडणार नाही, आणि पट त्यांना चिकटवा. नुसता टेकवला तर झोळ थांबेल, फुगवटा थांबणार नाही. फळ्यांच्या जागा भोकांच्या ओळींच्या मधोमध धरा. एक ओळ फळीवर आली की ती कायमची मेली. पट चिकटवल्यावर वर सपाट वजन ठेवून २४ तास हवा चालू करू नका.

७. आता ब्लोअर

१२ व्होल्टचा ब्लोअर असेल तर चालू स्थितीत त्याच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. बंद असताना १२ आणि चालू असताना १० व्होल्ट दिसले, तर अ‍ॅडॉप्टर कमी ताकदीचा आहे. ब्लोअरच्या लेबलवर जेवढे अँपिअर आहेत त्याहून थोडा जास्त देणारा अ‍ॅडॉप्टर लावा, व्होल्ट मात्र तेवढेच.

पात्यांवरची धूळ ब्रशने काढा. मोटार फिरते पण हवा कमी, असं असेल तर पात्यांचं चाक दांड्यावर घसरत आहे का ते बघा. दुरुस्तीनंतर हवा कमी झाली असेल तर वायर उलट जोडली गेली का ते तपासा. ब्रशवाली डीसी मोटार उलटी जोडली की उलटी फिरते, आणि गोल पात्यांचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त खूप कमी. त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

कॉम्प्युटरचे पंखे लावले असतील तर त्यांची अडचण वेगळी. ते भरपूर हवा वाहून नेतात पण दाब फार कमी देतात. साध्या १२० मिमी पंख्याचा जास्तीत जास्त दाब २-३ मिमी पाण्याच्या आसपास असतो. तुम्हाला पेटीत लागतात १० ते १५. शेजारी शेजारी चार पंखे लावले तर हवा वाढते, दाब वाढत नाही. एकामागे एक लावले तर दाब थोडाफार वाढतो, पण आवाज आणि जागा बघता तो मार्ग मी सुचवत नाही. गोल पात्यांचा, शंखासारख्या घराचा ब्लोअर घ्या. या मापाच्या पटाला पेटी हवाबंद असताना तासाला २० घनमीटर हवा १५ मिमी दाबावर पुरते. विकत घेताना लेबलवरची नुसती हवेची मात्रा बघू नका, ती समोर काहीच अडथळा नसतानाची असते. दाब विचारा.

इथे थांबा

१२ किंवा २४ व्होल्टच्या बाजूचं सगळं काम घरी करता येतं. घरच्या विजेवर थेट चालणारा ब्लोअर असेल तर मी सांगतो ते ऐका: पटाला किंवा ब्लोअरच्या घराला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला, चालू करताच घरातला ब्रेकर पडला, किंवा मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तर प्लग काढा आणि पुन्हा लावून बघू नका. हे काम इलेक्ट्रिशियनचं. बोटाने पातं ढकलून मोटार सुरू करून बघणं तर अजिबात नको. पेटीच्या आत वायरीचा उघडा सांधा दिसला तरी तेच: टेप गुंडाळून झाकू नका. पेटीत धूळ असते, सतत हादरे असतात, आणि हा पट बहुधा मुलं वापरतात.

पटाला कायमचा २ मिमीहून जास्त पीळ किंवा बाक असेल तर घासून किंवा खाली पट्ट्या सारून सरळ करण्यात वेळ घालवू नका. भोकांची ओळच वाकडी पडली असेल किंवा सगळी भोकं मोठी होऊन बसली असतील, तर नवीन शीट सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणारं, मशीन असलेल्या कार्यशाळेतून पाडून घ्या. हाताने पाडलेली ७४० भोकं तेवढी सरळ आणि स्वच्छ येत नाहीत. विकत घेतलेला पट वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू उघडू नका.

दुरुस्ती करणाऱ्याला बोलावताना यू नळीच्या तिन्ही नोंदी, पाच बाणांचा कागद आणि चकतीचं वजन त्याच्या हातात द्या. मला कोणी हे तीन कागद आणून दिले की बहुतेक वेळा पट उघडण्याआधीच कुठे हात घालायचा ते ठरलेलं असतं.